आधी लस, मग तार

सर नवी छत्री आणत, तेव्हा ती आधी मोरीत उघडून तिच्याखाली उकिडवे बसत आणि वहिनींना वरून बादली ओतायला लावत. हे मी ऐकलेलं नाही, पाहिलेलं आहे. मे महिन्यातल्या एका दुपारी लायब्ररीची पुस्तकं परत मागायला मी त्यांच्या घरी गेले होते. दार उघडंच होतं. आतून सरांचा आवाज आला, "बसा बाई. मी छत्रीत आहे." थोड्या वेळाने वहिनी ओल्या पदराने बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "एका काडीपाशी गळतीय म्हणे. आता दुकानदाराशी भांडायला जायलेत. लोकांचा पाऊस अजून यायचाय, यांचा पडून गेला."

नवी चप्पल ते पहिले काही दिवस घरातच वापरत, आणि तीही फक्त डाव्या पायात. उजव्या पायात जुनी. का, तर एक पाय तुलनेसाठी ठेवायचा असतो. सायकलला दोन कुलपं, पुढच्या चाकाला एक, मागच्या चाकाला एक. दोन्हींच्या किल्ल्या हरवल्या की सायकल खांद्यावर घेऊन ते शांतपणे घरी चालत जात आणि वाटेत भेटणाऱ्याला सांगत, "बघा, चोरालाही अशीच न्यावी लागली असती."

"विश्वास ठेवावा," ते म्हणत, "पण एकदा पाण्यात बुडवून."

परवा तुम्ही फोनवर कुरकुरत होतात. घरात नवा कॉम्प्युटर आला आणि तुमच्या बाबाने तो संध्याकाळपर्यंत इंटरनेटला जोडूच दिला नाही. जुन्या मशीनवर काहीबाही उतरवून घेतलं, पेन ड्राइव्हवरून नव्यात भरलं, आणि मगच जोडणी केली. "आजी, हे काय खूळ?" असं तुम्ही विचारलंत. मी नुसती हसले, कारण उत्तर फोनवर मावणारं नव्हतं. हेच खूळ असलेला एक माणूस मी परभणीत पाहिला आहे, तुमचा बाबा शाळेत होता तेव्हा. तो माणूस शहाणा होता की चक्रम, हे मला त्या वेळी ठरवता आलं नाही. मी ग्रंथपाल होते. प्रत्येक पुस्तकाला नंबर देऊन त्याच्या जागी ठेवायचं, हे माझं काम. सरांना कुठल्या कपाटात ठेवावं ते मला कधी कळलं नाही. लिहिता लिहिता कळेल, अशा आशेने लिहायला बसले आहे.

सर आमच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचे. घराणं वालूरकडचं, वडील भिक्षुकी करायचे. जानवं मात्र सरांनी तरुणपणीच काढून टाकलेलं. कारण विचारलं की म्हणत, "घालून पाहिलं. काढून पाहिलं. फरक आढळला नाही."

ते दिवस नामांतराचे होते. हा शब्द तुमच्या कानावर आला नसेल. आमच्या विद्यापीठाचं नाव बदलावं, ही दलित समाजाची मागणी होती, आणि त्यावरून सबंध मराठवाडा वर्षानुवर्षं धुमसत होता. गावागावांत घरं जळाली होती. मोर्चे निघत, बंद होत, मध्येच एस.टी. बंद पडे आणि माणसं स्टँडवर अडकून पडत. कॉलेजात एकत्र चहा पिणारे लोक या विषयावर आले की कप खाली ठेवत. सरांनी नामांतराच्या बाजूने पत्रकावर सही केली, तीही सगळ्यांत वर, मोठ्या अक्षरात. त्यानंतर त्यांच्या गल्लीने त्यांना लग्नामुंजीला बोलावणं बंद केलं. वहिनींना मी विचारलं, वाईट वाटतं का हो? त्या म्हणाल्या, "मला वाटतं. यांना विचाराल तर म्हणतील, जेवून पाहिलं, न जेवून पाहिलं."

खंदारे हे नाव आता येईल, म्हणून सांगते. खंदारे पेडगावचे, दलित वस्तीतले, सरांचे एके काळचे विद्यार्थी. पुढे इंग्रजीचे प्राध्यापक होऊन आमच्याच कॉलेजात आले. दर रविवारी सर स्टेशनपलीकडे त्यांच्या घरी जेवायला जात, आणि वांग्याच्या भाजीत कूट जास्त पडलं की कमी, यावर खंदाऱ्यांच्या आईशी वाद घालत. खंदाऱ्यांच्या लग्नात वडीलधारा म्हणून फेटा बांधून उभे राहिले ते सरच. फेटा बांधण्याआधी तो रंग सोडतो का, ते त्यांनी पाहिलं होतं. सोडत होता. तरी बांधला. दिवसभर कपाळ गुलाबी.

हे सगळं ठाऊक असल्यामुळेच पुढे जे झालं त्याने आम्ही गोंधळलो.

नामांतराचा निकाल लागण्याआधीचा तो हिवाळा होता. कॉलेजात पहिला कॉम्प्युटर आला. माझ्या लायब्ररीशेजारच्या खोलीला जाळीचं आणि लाकडी अशी दोन दारं होती, म्हणून तो तिथे ठेवला. प्राचार्य जमीनदार घरातले, मोठ्या आवाजाचे आणि मोठ्या मनाचेही. त्यांचा बेत असा, की कॉम्प्युटर टेलिफोनच्या तारेला जोडायचा, म्हणजे विद्यापीठातल्या मोठ्या मशीनशी तो परस्पर बोलेल. निकाल, परिपत्रकं, सगळं तारेतून येईल. पाहुणे बोलवायचे, फीत कापायची. मशीनची जबाबदारी सरांकडे आली, कारण ते कसं चालतं हे त्यांनाच थोडंफार माहीत होतं.

सरांनी पहिलं काम काय केलं? टेलिफोनच्या तारेचं मोकळं टोक रुमालात गुंडाळलं, वर सुतळी बांधली आणि ते मशीनपासून लांब, भिंतीवरच्या खिळ्याला टांगून ठेवलं.

प्राचार्य आले. वर पाहून म्हणाले, "सर, हे काय टांगून ठिवलंय?"

"तार आहे. उघडी ठेवायची नाही."

"आवो, पण ती जोडायची हाय ना?"

"आधी लस, मग तार."

मग त्यांनी समजावून सांगितलं. कॉम्प्युटरला रोग होतात. ते माणसंच बनवून सोडतात. एका फ्लॉपीवरून दुसऱ्या मशीनमध्ये जातात, तारेवरूनही येऊ शकतात. (फ्लॉपी म्हणजे चौकोनी पाकिटातली एक पातळ तबकडी. तुमच्या पेन ड्राइव्हची पणजी समजा.) त्यावर लस मिळते, तीही फ्लॉपीवरच. पण रोज नवे रोग निघतात, त्यामुळे जुनी लस चालत नाही, ताजी लागते. आणि ती मशीनच्या पोटात तार जोडण्यापूर्वी गेली पाहिजे. सरांचा भाचा हैदराबादला एका कंपनीत होता. तो ताजी लस घेऊन येणार होता. तोवर मशीनमध्ये बाहेरचं काही जाणार नाही.

"कोरी करकरीत मशीन हाय सर. तिला कशाचा रोग होतोय?"

"नवं बाळच आधी आजारी पडतं, साहेब. म्हाताऱ्यांचं सगळं काढून झालेलं असतं."

प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हैदराबादला इंग्रजी शाळेत शिकलेली, म्हणून असल्या प्रश्नांवर मला माहीत असेल अशी सगळ्यांची समजूत असे. मला काही माहीत नव्हतं. मी मान हलवली, हो आणि नाही यांच्या मधली.

रोगाची बातमी कॉलेजभर पसरली आणि तिचा अर्थ ज्याने त्याने आपल्या परीने लावला. खोली झाडणारा शिपाई नाकाला रुमाल बांधून येऊ लागला. भौतिकशास्त्राच्या मॅडमनी मला हळूच विचारलं की घरात लहान मूल असेल तर त्या खोलीसमोरून जावं का. सगळेच चपला बाहेर काढू लागले. एके सकाळी दाराला लिंबू-मिरची लटकलेली दिसली. मला वाटलं सर संतापतील. त्यांनी ती निरखून पाहिली आणि म्हणाले, "राहू द्या. हिच्याने अपाय तर होत नाही. उपाय होतो का, बघू."

मशीन सुरू करताना त्याने संस्थेचं आणि विद्यापीठाचं नाव विचारलं. आता आली पंचाईत! प्राचार्य म्हणाले, जे आहे ते टाका. खंदारे मागे उभे होते. ते हसत म्हणाले, "नवं टाका सर. माणसं मानतील तवा मानतील, मशीन तरी आधी मानू द्या." सरांनी थोडा वेळ बोटं वर धरून ठेवली आणि 'परभणी' एवढंच टाइप केलं. "निकाल लागला की पहिली दुरुस्ती इथे," ते म्हणाले. मशीनने ते मान्य केलं. माणसांनी केलं की नाही, सांगता येत नाही.

त्या तारेचं पुढे काय झालं, ते इथेच सांगून टाकते. ती कधीतरी जोडली गेली. बराच वेळ बेडकासारखे आवाज आले, मग खरखर, मग काहीच नाही. परभणीची लाइन इतकी वाईट होती की तिच्यातून रोग काय, धड आवाजही येत नव्हता. पण ते खूप नंतर.

आता खंदाऱ्यांची गोष्ट. त्यांचा पीएच.डी.चा प्रबंध औरंगाबादला एका टायपिंगच्या दुकानात फ्लॉपीवर टाइप झाला होता. काही दुरुस्त्या करून तो छापायचा आणि विद्यापीठात द्यायचा, एवढंच राहिलं होतं. शेवटची तारीख जवळ आली होती. औरंगाबादला जावं तर बसचा भरवसा नाही. आज सुटते, उद्या नाही. तारीख हुकली तर नोंदणी रद्द, वर्षानुवर्षांची मेहनत पाण्यात, आणि त्यांची नोकरीही त्या पदवीवरच कायम व्हायची होती. म्हणून ते फ्लॉपी घेऊन आमच्याकडे आले. कॉलेजात मशीन आहे, प्रिंटर आहे, आणि मशीन सरांच्या ताब्यात आहे. याहून चांगलं काय?

मी, प्राचार्य आणि संस्कृतचे प्राध्यापक तिथेच होतो. खंदाऱ्यांनी चपला काढल्या, उंबऱ्यात पाय ठेवला आणि फ्लॉपी पुढे केली.

"थांबा!" सर ओरडले. "चौकटीच्या बाहेर. ती आत आणू नका."

"सर, प्रबंध हाय माझा."

"असू दे. कुठून कुठून फिरून आली असेल. ती मशीनला शिवली की मशीन बाटलं."

मुलांनो, हे शब्द तुम्हाला साधे वाटतील. आमच्याकडे ते साधे नव्हते. खंदाऱ्यांच्या आजोबांना, वडिलांना विहिरीवर, देवळात, दुकानात हेच शब्द, याच क्रमाने ऐकवले गेले होते. थांब. बाहेर. शिवू नको. आणि तो हिवाळा तर असा की साध्या शब्दालाही धार यावी.

खंदारे जिथे होते तिथेच उभे राहिले. एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर. मग त्यांनी आतला पाय मागे घेतला.

"बरं सर," म्हणाले. चपला घातल्या आणि गेले.

प्राचार्य दाराकडे बघत म्हणाले, "सर, तुमी माणसाचं सोवळं सोडलं अन् डबड्याचं धरलं का काय?"

सर खरोखरच गोंधळलेले दिसले. "काय झालं? मी फ्लॉपीबद्दल बोललो. बाई, मी काय बोललो?"

मी त्यांना त्यांची वाक्यं जशीच्या तशी म्हणून दाखवली. माझ्या तोंडून ऐकताना त्यांचा चेहरा उतरत गेला. ते खुर्चीत बसले. आता उठतील, खंदाऱ्यांच्या मागे धावतील, असं मला वाटलं. ते उठले नाहीत. म्हणाले, "शब्द चुकले. नियम चुकला नाही."

आणि फ्लॉपी बाहेरच राहिली.

यावर कॉलेजात जितकी तोंडं तितकी मतं. काही म्हणाले, पत्रकावरची सही दिखाऊ होती. काही म्हणाले, सर म्हातारे झाले. सगळ्यांत वाईट म्हणजे काही जणांना आनंद झाला. संस्कृतचे प्राध्यापक दुसऱ्या दिवशी पेढा घेऊन आले आणि सरांच्या हातावर ठेवत म्हणाले, "अखेर रक्त बोललं हो!" सरांनी पेढ्याकडे पाहिलं. समोर पाण्याचा पेला होता. त्यांनी पेढा त्यात टाकला आणि आम्ही तिघंही बघत राहिलो. थोड्या वेळाने तो विरघळून पाणी गढूळ झालं.

"टिकत नाही," सर म्हणाले आणि पेला त्यांच्यापुढे सरकवला.

रविवारी सर जेवायला गेले नाहीत. वहिनी म्हणाल्या, कपडे घालून तयार बसले, मग उठून काढून ठेवले.

सोमवारी ते माझ्याकडे आले. "बाई, खंदाऱ्यांच्या प्रबंधाची कागदावरची प्रत तुमच्याकडे आहे ना?" होती. इंग्रजी तपासायला त्यांनी ती मला दिलेली होती, हाताने लिहिलेली. "द्या. फ्लॉपी आत येणार नाही. प्रबंध येईल."

मला आधी समजलंच नाही. मग दिसलं. सर मशीनसमोर बसले, प्रबंधाचा गठ्ठा डावीकडे, आणि दोन बोटांनी तो पहिल्या पानापासून टाइप करू लागले. इंग्रजी साहित्यावरचा प्रबंध, आणि टाइप करणारा संख्याशास्त्राचा माणूस, ज्याला एकेक अक्षर शोधावं लागतं. दुपारी मीही बसू लागले. मी वाचून दाखवायचे, ते ठोकायचे. मध्येच थांबून म्हणायचे, "हे यांना कसं कळलं? किती वाचकांना विचारलं?" मी म्हणायचे, "सर, साहित्यात असं विचारत नाहीत." ते म्हणायचे, "मग चुकतं." आणि पुढे ठोकायचे.

"खंदाऱ्यांना सांगू का?" मी विचारलं.

"कशाला? पूर्ण होतंय का, आधी बघू."

पूर्ण होणार नव्हतं, हे मला दिसत होतं. तारीख जवळ येत होती आणि आम्ही तिसऱ्या प्रकरणात अडकलो होतो. खंदारे स्टाफरूममध्ये सरांकडे पाठ करून बसत. औरंगाबादला जायला निघाले, तर स्टँडवरून परत आले, बस नव्हती. ते मला इतकंच म्हणाले, "मॅडम, परक्यानं म्हटलं असतं तर भांडलो असतो. यांच्याशी कसं भांडायचं, ते आमाला कुणी शिकवलंच न्हाई."

अशात हैदराबादचा भाचा आला. गोरापान, हसरा, खिशाला दोन पेनं. त्याने बॅगेतून लसीच्या फ्लॉपी काढल्या. सरांचा चेहरा उजळला. त्यांनी हात धुतले, फ्लॉपी एकेक करून मशीनमध्ये घातली, मशीन घरघरलं, पडद्यावर ओळी आल्या आणि गेल्या. "झालं," भाचा म्हणाला. "मामा, आता कुछ फिकर नहीं." सरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि खिळ्यावरच्या तारेकडे पाहिलं. उद्या प्राचार्यांना बोलवू, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिसरं प्रकरण पुढे टाइप करत होतो; लस घेतलेलं मशीन एक दिवस चालवून पाहू, मगच खंदाऱ्यांची फ्लॉपी मागू, असं सर म्हणाले होते. मी वाचत होते. सर थांबले. मी वर पाहिलं तर पडद्यावरचं एक अक्षर आपल्या जागेवरून सुटलं आणि सरळ खाली जाऊन तळाला पडलं. मग दुसरं. मग ओळच्या ओळ. मळणीत कणसातून दाणे झडावेत तशी अक्षरं झडत होती आणि पडद्याच्या तळाशी त्यांची रास होत होती. शिपाई रुमाल धरायचाही विसरला. प्राचार्य धावत आले. सर्वांनी अक्षरं पडताना पाहिली. मला तर अजूनही ते स्वप्नात दिसतं, आणि स्वप्नात ते सुंदरच असतं.

सरांनी बटण बंद केलं. "औरंगाबादहून माणूस बोलवा," म्हणाले.

कॉम्प्युटरच्या कंपनीचा इंजिनिअर मिळेल त्या जीपने आला. त्याच्याजवळ स्वतःच्या फ्लॉपी होत्या. त्यांच्या कडेच्या खाचेवर कागदी पट्टी चिकटवलेली होती, म्हणजे त्यांच्यावर कुणाला काही लिहिता येत नाही आणि रोगही शिरत नाही. त्याने मशीन तपासलं, भाच्याच्या फ्लॉपी तपासल्या, आणि त्यांतली एक वर धरली.

"इथून आलाय. लसीच्याच फ्लॉपीतून. कुठून आणली सर?"

"भाच्याकडून."

"त्याचं मशीन तपासलं होतं?"

"भाचा आहे माझा," सर म्हणाले.

वाक्य बाहेर पडल्यावर सरांनी स्वतःच ते ऐकलं असावं, कारण त्यांनी तोंडावर हात ठेवला. छत्री, चप्पल, पेढा, सगळं तपासणारा माणूस. घरच्या माणसाने आणलेली फ्लॉपी मात्र त्यांनी हात धुऊन आत घातली होती.

मी माणूस पाठवून खंदाऱ्यांना बोलावून घेतलं. ते दारापाशी थांबले, आत आले नाहीत. इंजिनिअरने त्यांची फ्लॉपी मागून घेतली, तपासली आणि परत दिली. "एकदम स्वच्छ."

प्राचार्यांना राहवलं नाही. "म्हंजे त्या दिशी ही आत घातली असती तर काई झालं नसतं?"

"नसतं."

"मग सर चुकले."

"तसं नाही. आधी घातली असती तर ठीक. लसीनंतर घातली असती, तर हीपण गेली असती. बाहेर राहिली म्हणून वाचली, असंही म्हणता येईल."

"मग सर बराबर का चूक?"

"साहेब, मला जीप गाठायचीय," इंजिनिअर म्हणाला. त्याने मशीन धुऊनपुसून स्वच्छ करून दिलं आणि गेला.

तोवर खंदाऱ्यांची नजर टेबलावर गेली होती. तिथे त्यांची हस्तलिखित पानं उघडी होती आणि पडद्यावर तेच प्रकरण, जागच्या जागी, सगळी अक्षरं परत आलेली. ते हळूहळू आत आले.

"हे कुणी टाइप केलंय?"

मी सरांकडे पाहिलं. सर खिडकीबाहेर पाहत होते.

खंदारे वाचू लागले. एका पानावर थांबले. खाली सरांनी स्वतःची एक तळटीप घातली होती, इंग्रजीत: हे विधान तपासून पाहिलेले नाही. खंदाऱ्यांचे ओठ हलले. ते हसतात की रडतात की चिडतात, मला काही अंदाज येईना. मग ते सरांकडे वळले.

"आता मी सांगतो, सर. माझी फ्लॉपी आत जाईल. मी बसून छापणार. अन् तुमी बाहेर थांबायचं. चौकटीच्या आत पाय न्हाई टाकायचा."

"का?"

"ती लस तुमच्या हातानं आत गेली. तुमच्या हाताचं काय सांगावं?"

सरांनी थोडा विचार केला, गणिताचं उत्तर ताडून पाहावं तसा. "बरोबर आहे," म्हणाले, आणि बाहेर गेले.

प्रिंटर त्या काळी किती सावकाश छापायचा, हे तुम्हाला सांगून पटणार नाही. करकर करत एकेक ओळ. खंदारे दुरुस्त्या करत होते, कागद येत होता, आणि मी कडेच्या भोकांच्या पट्ट्या फाडून पानं लावत होते. सर उंबऱ्याबाहेर उभे होते. व्हरांड्यातून मुलं जात होती, नमस्कार करत होती, मागे वळून बघत होती. मी शिपायाकडून स्टूल पाठवलं. सर म्हणाले, "उभं राहायचं ठरलंय की बसायचं, ते आत विचारा." मी विचारलं. खंदारे पडद्यावरून नजर न हलवता म्हणाले, "काई ठरलं न्हाई." मग सर उभेच राहिले.

संस्कृतचे प्राध्यापक आले. "अहो, बाहेर का तुम्ही? आत जा की."

"मला बंदी आहे."

"बंदी? कुणी घातली?"

"खंदाऱ्यांनी."

प्राध्यापकांनी आत पाहिलं, सरांकडे पाहिलं, पुन्हा आत पाहिलं. मग घाईने घड्याळात पाहून निघून गेले.

उन्हं कलली तेव्हा शेवटचं पान आलं. खंदाऱ्यांनी गठ्ठा ठोकून सारखा केला आणि तो दोन्ही हातांत घेऊन दाराकडे गेले. सकाळची बस सुटणार, अशी खबर आली होती. प्रबंध वेळेत पोहोचणार होता.

"सर, तुमी अजून इथंच?"

"तुम्ही सांगितलं होतं."

"आवो, मी थट्टा केली होती!"

सर गुडघा चोळत होते. ते सरळ झाले. "थट्टा होती होय? मला वाटलं... म्हणजे दुपारभर मी उगाच उभा राहिलो."

खंदाऱ्यांनी प्रबंधाचा गठ्ठा सरांच्या हातात दिला.

"उगाच न्हाई, सर," ते म्हणाले.

तेव्हा ते हसत होते का? मी आत, पट्ट्यांच्या ढिगात उभी होते. मला त्यांची फक्त पाठ दिसत होती.